समुद्रफुलाची पिल्लं

नामांतराच्या आंदोलनात परीक्षा पुन्हा पुढे गेली आणि नेमकी माझ्या नवव्या महिन्यात येऊन बसली. विद्यापीठाचं नाव बदलावं असं आमच्या प्राणिशास्त्र एमएस्सीच्या वर्गात निम्म्यांना वाटायचं, निम्म्यांना नाही. परीक्षा मात्र सगळ्यांचीच पुढे जायची. चिडावं कुणावर हे कळेना, म्हणून मी नवऱ्यावर चिडायचे. तो चिकलठाण्याला नव्या कारखान्यात लागला होता. दोन-दोन पाळ्या करून गारखेड्यातल्या आमच्या खोलीवर नुसता झोपायला यायचा.

त्यातच कन्नडकडच्या गावाहून आई मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण शहर बंद झालं की एसटीही बंद. एकदा गावी गेले की परीक्षेला परत येणं कठीण, आणि हे वर्ष बुडालं तर तान्हं मूल घेऊन पुन्हा परीक्षेला बसू देणार कोण? मी हे सगळं आईला सांगितलं. "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या साड्यांचं बोचकं बांधायला लागली.

रागारागाने मी फरशीवर फतकल मारली आणि सेमिनारचा तक्ता रंगवायला घेतला. थंड पाण्यातलं समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी. समुद्र मी तोवर पाहिलेलाही नव्हता. आई वाकून बघू लागली. तिचा जन्म मेंढरांत गेलेला, त्या प्राण्याच्या बुडाशी मी काढलेले बारके बारके गोळे दिसताच म्हणाली, "अगं माय, ह्याला तर लई गोचिडं लागलीत!"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. हसून हसून पोट दुखायला लागलं. "गोचिडं नाय गं, पिल्लं हायेत तिची." अंडी आधी पोटात राहतात, मग त्यांतली पिल्लं तोंडावाटे बाहेर येऊन आईच्याच अंगावरून खाली घसरतात, बुडाशी चिकटून तिथेच वाढतात आणि जरा मोठी झाली की सरकत सरकत आपली वाट धरतात, असं मी तिला समजावलं.

"आन् बाप?"

"तो जवळ पाहिजेच असं नाय."

"म्हंजी सदा पाळीवरच," आई म्हणाली. "आन् ही व्यायला जाती कुठं?"

"कुठंच नाय. असती तिथंच."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "वाटंत मेंढी व्यायला आली तं आपणच थांबतो की तिच्यापाशी," असं पुटपुटली आणि बोचकं सोडून साड्या पुन्हा फळीवर ठेवायला लागली. सकाळी गावाकडच्या गाडीच्या कंडक्टरकडे तिने वडिलांना निरोप धाडला: पोरगी येत नाय, मीच राहती, मेंढरं बघा. मला इतकं भरून आलं की मी तिच्याशी उगाच चहावरून भांडले.

परीक्षा झाली, मग मुलगी झाली, इथल्याच दवाखान्यात. बाळाला बघायला आलेल्या शेजारणी खोचकपणे विचारायच्या, "पहिलीच खेप, आणि माहेरी नाही नेली?" आई पायांवर नातीला घेऊन तेल चोळत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "माहेरीच झाली की. मी इथंच हाये ना."