शेळ्यांचं पुस्तक

वर्लीन टॅकेटला काळजी करायला कारण लागत नसे. घरून निघाल्यावर शेगडी बंद केली की नाही हे पाहायला ती अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवायची, आणि शेगडी दर वेळी बंदच असायची. "अगं, एकदा तरी चालू राहू दे," तिचा नवरा हॉबर्ट खुर्चीतून म्हणायचा, "तेवढंच तुझं पेट्रोल सत्कारणी लागेल." एवढं बोलूनही त्याला धाप लागे. कोळशाच्या खाणीने त्याची फुप्फुसं कामातून घालवली होती, आणि त्याचं औषधपाणी वर्लीनच्या नोकरीबरोबर येणाऱ्या विम्यावर चालायचं. त्यामुळे ती नोकरीची काळजी करू लागली की हॉबर्ट थट्टा करायचा नाही.

नोकरी हॉलिस गॅपच्या शाळेत. सहावी ते आठवीची मुलं, आणि वर्लीन त्यांची ग्रंथपाल. गावातली निम्मी मोठी माणसं तिच्या टेबलासमोरून गेलेली. मुख्याध्यापक मिस्टर स्टिडम त्यातलेच. सहावीत असताना त्यांनी डायनॉसॉरच्या पुस्तकात च्युइंगगम चिकटवून ठेवलं होतं. आता ते साहेब झाले म्हणून ती त्यांना अहोजाहो करायची, पण च्युइंगगम काही विसरली नव्हती.

पुस्तक निवडण्याची तिची एक रीत होती. ग्रंथपालांच्या मासिकात परीक्षण वाचायचं, मग डोळे मिटून विचारायचं, हे कोण नेईल? एखाद्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आला तर पुस्तक मागवायचं, नाही आला तर पान उलटायचं. उन्हाळ्यात छाटणी. फाटकी, शिळी, मेलेल्या देशांचे नकाशे असलेली पुस्तकं खोक्यात जायची. हे सगळं इतकी वर्षं इतकं बिनबोभाट चाललं होतं की ग्रंथालयात पुस्तकं कोण आणतं, हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नव्हता.

तो गावातल्याच मिसेस प्रूइट यांना पडला. शाळा मंडळाच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका पुस्तकातलं एक पान ठसक्यात वाचून दाखवलं. मागचंपुढचं नाही, तेवढं एकच पान. असं वाचलं तर कुठलंही पुस्तक फासावर जाईल, पण सभा चिडली. मग त्यांच्याच पुढाकाराने समिती आली. समितीने पुस्तकं वाचण्याचा त्रास घेतला नाही, संगणकात शब्द शोधले. "अमली पदार्थ" हा शब्द कुठेही सापडला की पुस्तकाच्या पाठीवर नारिंगी चिकटपट्टी. त्यामुळे अमली पदार्थांपासून लांब राहा असं सांगणाऱ्या पुस्तकांवरच आधी पट्ट्या लागल्या. ती सगळी वर्लीनच्या खुर्चीमागच्या फळीवर गेली. त्यातलं काही हवं असेल तर आईबापांची सही, आणि तेही तीनच दिवसांसाठी. शिवाय मूल कुठलंही पुस्तक नेवो, शेवटची घंटा झाली की त्या पुस्तकाचं नाव घरच्या फोनवर जाऊन पोचायचं.

बंदी घातली असं मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं. पुस्तकं होतीच की. फक्त बारा वर्षांच्या पोराने सगळ्यांदेखत नारिंगी फळीकडे बोट दाखवायचं होतं, आणि ते कोण दाखवणार? आणि खरं लाजिरवाणं पुढेच आहे. वसंतात नवी पुस्तकं मागवताना वर्लीन एखादं निवडायची, चेहरासुद्धा डोळ्यांसमोर यायचा, पण मग मिसेस प्रूइटांचा आवाज कानात घुमायचा आणि ती ते यादीतून काढून टाकायची. समितीचं अर्धं काम तिची भीतीच फुकटात करत होती. हे तिला कळत होतं आणि ते तिला सलत होतं.

त्या शरद ऋतूत मार्ली नावाची सातवीतली मुलगी यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत यायची, विटलेल्या दप्तराचा पट्टा चावायची, आणि नारिंगी फळीकडे न बघता बघायची. वर्लीन तिच्या आईला ओळखत होती. टॅमरा. हीसुद्धा याच टेबलाशी वाढलेली. वृद्धाश्रमात माणसं उचलता उचलता तिची पाठ गेली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या राहिल्या. चार गावं फिरून ती पोरीला घेऊन परत हॉलिस गॅपला आली होती.

एका सोमवारी कुणी नाही असं पाहून मार्ली टेबलाशी आली.

"मिस वर्लीन, ते पांढऱ्या पाठीचं पुस्तक... ते कशावर आहे?"

पुस्तकाचं नाव होतं 'घरात गोळ्यांचं व्यसन असेल तर'. मुलांसाठीच लिहिलेलं. आई उठली नाही तर कुणाला फोन करायचा, आपली चूक नाही हे स्वतःला कसं सांगायचं, असलं सगळं.

"त्याला सही लागते, बाळा."

"कुणाची?" मार्ली हसली. ते हसू वर्लीनच्या जिव्हारी लागलं. "आईची?"

"समुपदेशक बाई गुरुवारी येतात. त्यांच्याशी बोलशील?"

"नको! मागच्या शाळेत एका बाईंनी आईला नुसतं विचारलं, घरी सगळं बरं आहे ना म्हणून. आम्ही त्याच दिवशी गाडीत सामान भरलं. माझं मांजर तिथंच राहिलं." ती दप्तराचा पट्टा चावत राहिली. "आईला वाटतं मी गावभर सांगत फिरते. मी नाही सांगत. मला फक्त वाचायचंय."

वर्लीनच्या डोळ्यांसमोर हॉबर्टच्या नाकातली ऑक्सिजनची नळी आली. तरी तिने ठरवलं. नोंद करायचीच नाही. पोरीने पुस्तक दप्तरात टाकावं, वाचावं, आणून द्यावं. आयुष्यात पहिल्यांदा ती नियम मोडायला निघाली होती.

तिने फळीवरून पुस्तक काढलं, टेबलावर आणलं, आणि हाताने त्याच्या सवयीचं काम केलं. आयुष्यभर पुस्तक देताना जे केलं तेच. पुस्तकाची पाठ नोंदणीच्या यंत्राखाली गेली. 'बीप.' पडद्यावर प्रश्न आला, पालकांची सही आहे का? मनात चलबिचल चालू असताना बोटाने 'हो' दाबूनही टाकलं.

मार्लीला काही कळलं नाही. ती पुस्तक दप्तरात कोंबून, "थँक यू, मिस वर्लीन," म्हणून पळाली. वर्लीन मात्र जागीच थिजली. शेवटची घंटा झाली की टॅमराच्या फोनवर ते नाव जाणार. आणि मग गाडीत सामान भरलं जाणार.

तिने नोंद रद्द करायचा प्रयत्न केला. रद्द केली तर 'पुस्तक परत आले' असा निरोप जाणार, नावासकट. तिने जिल्हा कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या ड्वेनला फोन लावला.

"एखादा निरोप थांबवता येतो का रे?"

"मिस वर्लीन, एक थांबवायचा तर सगळ्या शाळेचे थांबवावे लागतील, आणि त्याला स्टिडम साहेबांची परवानगी लागेल. का हो? कुणी काय नेलं?"

"कुणी काही नाही रे. सहज विचारलं."

सहज! तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाहेर आठवीच्या तासाला कुणीतरी मोठ्याने हसलं आणि ती दचकली. मग तिला सुचलं, आणि सुचलं याचीच तिला भीती वाटली. निरोपात नाव कुठून येतं? ग्रंथालयाच्या नोंदीतून. नोंद कोण लिहितं? ती.

तिने पुस्तकाची नोंद उघडली. नाव खोडलं. आता काय लिहायचं? सातवीतली पोरगी काय नेईल, ज्यावर आई दुसऱ्यांदा नजर टाकणार नाही? समोरच्या भिंतीवर जिल्ह्याच्या जत्रेचं चित्र होतं, गळ्यात निळी फीत घातलेली एक शेळी. वर्लीनने टंकलं: 'शेळीपालनाची पहिली पायरी'. तिने कधी एका नोंदीत स्वल्पविरामसुद्धा चुकवला नव्हता. थोड्याच वेळात घंटा झाली.

त्या संध्याकाळी हॉबर्ट म्हणाला, "आज शेगडी बघायला परत आली नाहीस? आजारी आहेस का?" तिने त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्ली शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वर्लीन दर तासाला खिडकीशी जायची. गेली, असं तिला वाटलं. माझ्यामुळे गेली. रिकाम्या गाडीतळाकडे बघून तिला रडू फुटायचं आणि मुलं आली की ती नाक शिंकरून हसायची. त्यात मिस्टर स्टिडम आले.

"वर्लीन, शुक्रवारी मिसेस प्रूइट येतायत. नारिंगी फळीवरचं प्रत्येक पुस्तक त्यांच्या यादीशी ताडून बघणार आहेत. काही गडबड नाही ना?"

"गडबड कसली?"

"नाही, चेहरा पडलाय तुमचा." ते जरा घुटमळले. "हे बघा, मलाही हे फारसं पटत नाही. पण एखादं पुस्तक जागेवर नसलं तर मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

फळीवर पांढऱ्या पाठीच्या पुस्तकाची खाच तशीच होती. पुस्तक शुक्रवारच्या आत परत आलं तर नाव पुन्हा बदलता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. नाही आलं तर यादीत एक पुस्तक आणि नोंदीत शेळ्या. वर्लीनने शेजारची पुस्तकं सरकवून खाच झाकली, मग लाज वाटून पुन्हा मोकळी केली.

गुरुवारी शाळा सुटायच्या थोडं आधी दार उघडलं आणि टॅमरा आत आली. केस ओले, थंडी नसताना अंगात जाड जाकीट, ओठ फुटलेले. तिने जाकिटातून पांढऱ्या पाठीचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. हात थरथरत होते.

"हे शेळ्यांचं आहे म्हणे," टॅमरा म्हणाली.

वर्लीन खुर्चीतून उठली.

"आठवतं का, मिस वर्लीन, मी सहावीत असताना जत्रेत शेळी नेली होती? दुसरा नंबर आला होता. शेळ्यांवरचं जे जे पुस्तक तुमच्याकडे होतं, ते सगळं मला तुम्हीच वाचायला दिलं होतंत."

वर्लीनला आठवलं. आत्ता आठवलं! हजार विषय सोडून तिने नेमका हाच लिहिला होता.

"दुसरं काही लिहिलं असतंत तर मी फोन बघून खिशात टाकला असता. पण शेळ्या म्हटल्यावर मला आनंद झाला हो. म्हटलं, दाखव गं पुस्तक, आपण दोघी मिळून वाचू. तर ही दाखवेना. रडायलाच लागली." टॅमराने बाहीने तोंड पुसलं. "मग मी तिची गादी उचलली, तर खाली हे."

"टॅमरा, पोरीची काही चूक नाही. मी दिलं. तुला जे बोलायचं ते मला बोल, साहेबांकडे जायचं तर जा. फक्त तिला घेऊन कुठं जाऊ नकोस. हात जोडते तुला."

"सामान भरलं होतं मी. अर्धं." ती पुस्तकाकडे बघत होती. "मग बसून वाचलं. दोन दिवस गोळी नाही घेतली. आजारी आहे, बघताय ना. पोरगी माझ्या उशाशी होती, म्हणून शाळेत आली नाही. उद्याचं मला माहीत नाही. परवाचं तर मुळीच विचारू नका."

"बस जरा. पाणी देऊ?"

"नको. अजून तीन प्रकरणं राहिलीत माझी." टॅमराने पुस्तक दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि पहिल्यांदा वर्लीनच्या डोळ्यांत पाहिलं. "आज परत करायची तारीख आहे असं मार्ली म्हणते. मुदत वाढवून मिळेल का?"

पुस्तक टेबलावर होतं. मागे फळीवर खाच होती. आत्ता उचललं, तिथं ठेवलं, नाव बदललं, की उद्या मिसेस प्रूइट हसत निघून जातील आणि हॉबर्टचा विमा शाबूत राहील. वर्लीनला हे सगळं एका क्षणात दिसलं.

मग तिने पुस्तक उचललं आणि पाठ यंत्राखाली धरली. या वेळी हात सवयीने चालला नाही, तिला तो चालवावा लागला. 'बीप.' पालकांची सही आहे का? तिने टॅमराकडे पाहिलं आणि 'हो' दाबलं.

शेवटची घंटा झाली. टॅमराच्या जाकिटात फोन टुणकन वाजला. तिने तो काढला, दोन्ही हातांत नीट धरला आणि वाचला. दारात दप्तर छातीशी धरून मार्ली येऊन उभी होती, आत यावं की पळून जावं हे न कळून.

"चल गं," टॅमरा तिला म्हणाली. "शेळ्या अजून आपल्याकडेच आहेत."