कॉम्प्युटरातलं गाऱ्हाणं

धाकट्या भावाच्या फोनमध्ये मी वडिलांच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ भरलाच नाही. भरला तो त्या व्हिडिओचा शॉर्टकट.

भाऊ जहाजावर. एकदा गेला की नऊ महिने तोंड दिसत नाही. दर खेपेला तो निघताना वडील अंगणात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालत. म्हणजे मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. वडिलांचा आवाज असा की देवबागच्या आमच्या घरातून खाडीपलीकडच्यांनीही दुजोरा द्यावा. पण त्या वर्षी त्यांना दम्याने धरलं. दोन शब्द बोलले की खोकला. भाऊ निघाला तेव्हा गाऱ्हाणं झालंच नाही, नुसता नारळ ठेवला.

नशिबाने गेल्या गणपतीतलं अकरा मिनिटांचं गाऱ्हाणं माझ्या कॉम्प्युटरात होतं. भावाने सिंगापूरहून आणलेला मोठ्या पडद्याचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "दादा, माका दुसरा काय नको. बाबांचा गाऱ्हाणां तेवढा घालून दी."

मी शाळामास्तर. शाळेत आलेल्या कॉम्प्युटरचं प्रशिक्षण गावात मी एकट्याने घेतलं होतं, आणि ते तीन दिवसांचं होतं हे कुणाला सांगितलं नव्हतं. फोनला वायर जोडली, पडद्यावरचं चित्र उचललं, कोपऱ्यात छोटासा बाण असलेलं, आणि फोनच्या खिडकीत नेऊन टाकलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ पापणी लवायच्या आत गेला. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.

"बघलंस स्पीड?" मी म्हटलं.

बरं, मी तपासूनही बघितलं! वायर तशीच ठेवून फोनच्या फोल्डरातलं ते चित्र दाबलं, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर वडील खणखणीत सुरू झाले. भावाचे डोळे भरून आले. आता कळतं, ते कॉम्प्युटरातलेच वडील होते. फोनमध्ये गेली होती ती फक्त त्यांच्या पत्त्याची चिठ्ठी.

त्याच रात्री भाऊ निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून त्याचा फोन. "दादा, ह्या उघडना नाय."

"काल तुझ्यासमोर तर चलला!"

"काल चलला. आज फाइल उघडूक येणा नाय म्हणता."

मी त्याला फोन बंद करून चालू करायला लावला. बॅटरी काढून घालायला लावली. ती पुसून घालायलाही लावली. शेवटी त्याने विचारलं, "आता अगरबत्ती लावू काय?" संध्याकाळी पाचला कंपनीची गाडी त्याला बंदरावर नेणार होती. त्यानंतर फोन आमच्या हाताबाहेर.

ज्या पेन ड्राइव्हवरून तो व्हिडिओ कॉम्प्युटरात आला होता, तो घेऊन मी मालवणच्या बाजारात सायबर कॅफे गाठला. तिथल्या मालकाने हकिगत ऐकताच सांगितलं, "मास्तर, तुमी शॉर्टकट दिलात." वर म्हणाला, एवढा मोठा व्हिडिओ ईमेलला चिकटणार नाही, दुसऱ्या एका साइटवर चढवू. चढवायला घेतला. एक टक्का. चहा आला. दोन टक्के. माझा चहा पिऊन झाला, मालकाचाही झाला. चार टक्क्यांवर लाइट गेली. भारनियमन. "आता साडेसहाक येतली," मालक म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं. तेवढं मात्र लगेच लोड झालं होतं.

घरी आलो तर वडील पडवीत खोकत बसलेले. त्यांना काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पावणेपाचला खिशातला मोबाइल वाजला. घरात रेंज नसल्यामुळे मी विहिरीकडे धावलो, आणि धावणारा मास्तर बघून वडील काठी टेकत मागोमाग आले.

"गाडी इली रे दादा," भाऊ म्हणत होता. "ऱ्हवांदे आता. तू तरी काय करतलंस?"

हे 'ऱ्हवांदे' शिवीपेक्षा वाईट लागलं.

"काय झाला?" वडिलांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. शॉर्टकट त्यांना कितपत कळला कोण जाणे, पण मी काहीतरी माती खाल्ली एवढं कळलं. म्हणाले, "नारळ हाड."

"बाबा, खोकलो..."

"हाड म्हणतंय मा!"

मी नारळ आणून विहिरीच्या कठड्यावर ठेवला. मी स्पीकर लावून फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. खाडीपलीकडे जाणारा आवाज आता विहिरीच्या पलीकडेही धड पोचत नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज माझो धाकटो झील दर्यात जाता हा... तेका... सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी एकट्यानेच म्हटलं. फोन गप्प. रेंज गेली की काय? मग खरखर आणि मागून भाऊ, "व्हय म्हाराजा."

वडील खोकले. मी त्यांना थांबवू शकत नव्हतो आणि फोन हातात असल्यामुळे पाठही चोळू शकत नव्हतो. हे साठवून ठेवायचं कुठलं बटण असतं, तेही मला ठाऊक नव्हतं.

"जसो जाता हा, तसोच सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला.

मला वाटलं संपलं. मी फोन खाली घेणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि श्वास गोळा केला.

"आणि ह्या माझ्या थोरल्याक मास्तर केलंस, कॉम्प्युटर दिलंस. अक्कल तेवढी देऊची ऱ्हवली, ती दी रे म्हाराजा!"

फोनमधून भाऊ मघापेक्षा दुप्पट जोराने ओरडला, "व्हय म्हाराजा!"