खाडीच्या भिंतीवरच्या रेघा

आमच्या चौलच्या वाडीचा खालचा तुकडा खाडीला लागून आहे. तिथे नारळाची सात रोपं लावायची तुमच्या आजोबांची फार इच्छा होती. रोपं पडवीत तयार होती, खड्डे खणणारा माणूस ठरला होता, आणि मी नको म्हणून बसले होते.

"खाडी वर येते आहे. मुळं कुजतील," मी म्हणायचे.

"अगं, मी थोडाच ते नारळ खाणार आहे? नातवंडांसाठी लावतोय."

"म्हणूनच म्हणते. त्यांना कुजकी झाडं द्यायची का?"

माझ्याकडे पुरावा होता. नारळीपौर्णिमेला आपण खाडीत नारळ सोडतो, तेव्हा भरती मोठी असते. तुमची आई शाळेत जायला लागली त्या वर्षापासून, त्या दिवशी पाणी जिथवर चढेल तिथे मी पायऱ्यांशेजारच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रेघ मारते. बाजूला साल. पाच रेघा झाल्या होत्या, प्रत्येक आधीच्या रेघेहून वर. आणखी काय हवं?

यंदा नारळ सोडायला गेलो, तेव्हा आपली नेहमीची मासेवाली तिथे होती. तिने भिंत निरखून पाहिली.

"वयनी, इतक्या वर्सांच्या पाचच रेघा?"

"पाणी आधीच्या रेघेवर गेलं, तरच नवी मारते."

"आन् खाली ऱ्हायलं तर?"

"तर कशाला मारायची?"

ती हसायलाच लागली. "मंग तुमची खाडी उतरंल कशी? तुम्ही तिला उतरूच देत न्हाय!"

आजोबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. चूक कुठून आली ते मला तिथेच कळलं. तुमच्या आईची उंची मी दाराच्या चौकटीवर अशीच नोंदवत असे, आणि मुलं काही आखूड होत नाहीत.

"पाऊस दांडगा झाला का खाडी फुगते," ती म्हणाली. "कमी झाला का बसते."

घरी येऊन मी माझी पावसाची वही काढली. पाचही रेघा भरपूर पावसाच्या वर्षांच्या निघाल्या. मग मी समुद्राच्या पातळीबद्दल नीट वाचून काढलं. नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यालगत पसरतं. ते खाऱ्या पाण्याहून हलकं, म्हणून समुद्र किंचित वर राहतो. चांगल्या पावसाची वर्षं लागोपाठ आली, की तो बरीच वर्षं वर दिसतो. पाऊस ओसरला, की खाली येतो. समुद्राचं कायमचं चढणं या चढउताराच्या आड चालू असतंच, पण ते हळू. आधी पावसाचा वाटा वजा करायचा, मग घाबरायचं.

संध्याकाळी मी आजोबांना सांगितलं, "लावा. पण वरच्या बांधालगत, आणि मातीचा उंचवटा करून."

"सातही?"

"सातही."

दुसऱ्या दिवशी खड्डे तयार झाले. पहिलं रोप हातात धरून आजोबांनी मला हाक मारली.

"अगं, वाडगंभर जाडं मीठ आण."

"मीठ? कशाला?"

"खड्ड्यात घालायला. वाळवी लागत नाही. माझे वडील घालायचे."

खाऱ्या पाण्यावरून दोन वर्षं वाद घातलेल्या बाईने स्वयंपाकघरातून मिठाची अख्खी बरणी आणली आणि सात खड्ड्यांत स्वतःच्या हाताने वाटून घातली.