मिरचीच्या साइटला कुलूप

मी शहाद्यात कॉम्प्युटर शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तसं कुणाला वाटणार नाही.

आमचं गाव तापीच्या काठावर. शेतात केळी, कापूस, ऊस आणि गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत एक मिरची कांडप मशीन. मशीन संगीता वहिनींचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं. नंदुरबारच्या बाजारातून मिरची आणायची, देठ खुडायचे, कांडायची, पाकिटं भरायची आणि विकायची, हा त्यांचा उद्योग. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो पहिल्या दिवसापासून नामंजूर! त्या खोलीत पूर्वी खताच्या गोण्या असायच्या. मशीन आत गेलं आणि गोण्या ओसरीवर आल्या. आलेल्या पाहुण्याला युरियाला टेकून बसावं लागे, आणि मशीन सुरू झालं की पाहुणा आणि आबा एकदमच शिंकत. शेवटी वहिनींना सुरतेच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला, तेव्हा आबांनी निकाल दिला.

"दोन दिन जाई ये सुरतले. माल खपी गया, ते मशीन ऱ्हाई. नही खपना, ते मशीन इकी टाकसूत नि गोन्या परत खोलीमा."

"चाली," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, साइट चालू ऱ्हाई ना?"

"वहिनी, मी शे ना!" मी म्हणालो. (त्या क्षणी मला ते खरंच आश्वासन वाटलं होतं.)

कारण साइट माझी होती. प्रत्येक पाकिटावर मी एक चौकोनी कोड छापून घेतला होता. त्यावर फोन धरला की वहिनींच्या मिरचीची साइट उघडायची आणि गिऱ्हाईक घरबसल्या पुन्हा ऑर्डर देऊ शकायचं. साइट जिथे राहते तो सर्व्हर लांब कुठल्यातरी शहरात भाड्याने घेतलेला. मी ओसरीवरच्या कॉम्प्युटरवरून त्याला हुकूम सोडायचो आणि तो बिचारा ऐकायचा.

आबांची आणखी एक अट होती. सुरतेच्या धंद्याचं पहिलं बिल आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, हवं! नवा धंदा आखाजीला सुरू झाला की कधी क्षय होत नाही, असं ते म्हणतात. पण आखाजीच्या दिवशी गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या आणि वीज तिच्या माहेरी निघून गेली. ती परतली दुसऱ्या दिवशी पहाटे. तोवर वहिनी आणि भाऊ पाकिटांची खोकी घेऊन सुरतेच्या गाडीला गेलेसुद्धा. माझा फोनही सोबत नेला, कारण वहिनींच्या फोनची बॅटरी चहा होईपर्यंतही टिकत नाही.

"आखाजी गयी ना आबा," मी म्हणालो.

"तुन्हा कॉम्प्युटरले काय माहीत शे? त्याले कालनी तारीख लाव."

मुद्दा बिनतोड होता. मी कॉम्प्युटरची तारीख एक दिवस मागे नेली. तो पुन्हा पुन्हा आजच्या तारखेवर येत होता, म्हणून आपोआप तारीख लावून घेण्याची त्याची सोयच बंद करून टाकली. बिल आखाजीचं निघालं. आबांनी त्याला कुंकू लावून देवापुढे ठेवलं आणि मी ती तारीख विसरून क्लासला निघून गेलो.

संध्याकाळी आबांच्या बटणांच्या फोनवर वहिनींचा फोन आला. आवाज पडलेला.

"भाऊजी, साइट उघडस, पन वर 'सुरक्षित नही' असं लिखेल येस. एक बाई माले इचारे, मिरचीमा रंग टाकतस का?"

"वहिनी, ते मिरचीसाठे नही, कनेक्शनसाठे शे."

"मी सांगं तिले. ती म्हने, कशासाठे बी ऱ्हावो, 'सुरक्षित नही' म्हनजे नही. पाकीट ठी दिधं नि चालनी गयी. तिनं पाहीसन आखो चार जनी गयात."

मला वाईट वाटलं. देठ खुडून वहिनींच्या बोटांची इतकी आग व्हायची की जेवण झालं की त्या ताकाच्या वाटीत बोटं बुडवून बसत. आणि माझ्या आळसापायी त्यांच्या मिरचीवर भेसळीचा संशय! साइटला सुरक्षित कनेक्शन जोडणं हे खरं तर पहिल्या दिवसाचं काम होतं. ते मी 'नंतर बघू' या खात्यात टाकलं होतं. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं खातं तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, क्लासला सुटी देऊन मी कामाला बसलो. काम सोपं असतं. एक प्रमाणपत्र फुकट मिळतं. ते मागायचं, सर्व्हरवर बसवायचं, सर्व्हर बंद करून चालू करायचा. मग साइटच्या पत्त्याशी छोटंसं कुलूप दिसतं आणि सुरतेच्या बायका निर्धास्त होतात. मी मागितलं, मिळालं, बसवलं. सर्व्हर चालू झाला. मी साइट उघडली.

समोर लाल खूण आणि इंग्रजीत मजकूर, की तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरायचा प्रयत्न करत असतील.

"काय लिखेल शे?" आबांनी विचारलं.

"चोर घुसेल व्हई, असं म्हनस."

आबा उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि गोठ्यामागे गेले. थोड्या वेळाने परत आले.

"मशीन जागावर शे. कोनी नही तठे."

त्या लाल खुणेखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. (वर्गात मी पोरांना ओरडून सांगतो, मशीन काय म्हणतंय ते शेवटपर्यंत वाचा! पण ते पोरांसाठी. मला अनुभव आहे.) मी बाकीच्या साइट उघडून पाहिल्या. बँक उघडली, बातम्या उघडल्या, केळीचे भाव उघडले. सगळीकडे कुलूप व्यवस्थित! म्हणजे दोष आमच्याच प्रमाणपत्रात. मी ते पुसलं आणि नवं मागितलं. बसवलं. लाल खूण. तेही पुसलं, आणखी एक मागितलं. पुन्हा लाल खूण!

एवढ्यात शेजारचे रफिकभाई आले. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, आणि आमच्याकडे चहाच्या वेळेला त्यांना नेहमी काहीतरी विचारायचं असतं. आबांनी त्यांना चोराची हकीकत सांगितली. रफिकभाईंनी खिशातून फोन काढला, घरी उरलेल्या एका पाकिटावरच्या कोडवर धरला.

"उघडनी ना भो! हाई देख, कुलूप बी शे."

मी पाहिलं. साइट होती. कुलूप होतं. लाल मिरचीचा ढीग होता.

"ते जुनं दिसी ऱ्हायनं," मी म्हणालो. "फोन पहिलेनं साठाडी ठेवस."

"पन भो, मी हाई साइट जिंदगीमा पहिल्यांदाज उघाडी ऱ्हायनू."

"तरी साठाडस," मी ठामपणे म्हणालो. (साठवत नाही. साठवूच शकत नाही. हे मी परीक्षेत विचारतो.)

रफिकभाईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. माझ्या शिक्षणाबद्दल त्या दोघांचं तेव्हा एकमत झालं असावं.

मी सुरतेला फोन लावला. वहिनी उचलेनात. भाऊ उचलेना. मी त्याचा अर्थ असा लावला, की साइट बंद असल्यामुळे दोघं डोक्याला हात लावून बसली आहेत. मग मात्र माझा धीर सुटला. पुन्हा पुसलं, पुन्हा मागितलं. आणि आता प्रमाणपत्र देणाऱ्यांनीच हात वर केले! एकाच साइटसाठी फार वेळा मागून झालं आहे, पुढच्या आठवड्यात या, असा साधारण निरोप. रेशन दुकानदारसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाही. मी घाबरून, सगळं मुळापासून स्वच्छ करू म्हणून, सर्व्हरवरची होती नव्हती ती सगळी प्रमाणपत्रं पुसली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला.

तो चालूच होईना. तो विचारी, प्रमाणपत्र कुठे आहे? मी ते आत्ताच पुसलेलं. साध्या, बिनकुलपाच्या साइटवर परत जावं म्हटलं, तर तो त्यालाही तयार नाही. मालकावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

"भो," रफिकभाई म्हणाले, "आते मन्हा फोनवर बी बंद पडी गयी."

"बघा!" मी जवळजवळ ओरडलो. "मी सांगी नही ऱ्हायनू?"

आयुष्यात स्वतःचं म्हणणं खरं ठरल्याचा इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल. तो टिकला आबांचा फोन वाजेपर्यंत. भाऊ होता. मागे गर्दीचा गोंगाट.

"अरे, काय करी ऱ्हायना तू? सकायपासून मस्त चालू व्हती, आते एकदम बंद! लोके फोन धरीसन उभा शेतस!"

"सकायपासून चालू व्हती?"

"मंग काय! आम्हले फोन उचलाले फुरसत नव्हती!"

आबांनी एवढंच ऐकलं, की साइट बंद आहे. ते उठले आणि ओसरीवरच्या गोण्या मोजायला लागले. मग पत्र्याच्या खोलीकडे गेले आणि दारात उभे राहून आत कुठली गोणी कुठे बसेल, ते बोटाने ठरवू लागले. मला ते पाहवेना. वहिनींनी दोन वर्षं या खोलीसाठी आबांच्या शिंका झेलल्या होत्या, आणि मी एका सकाळीत ती रिकामी करायला निघालो होतो.

निदान सकाळी काय चाललं होतं ते कळावं, म्हणून मी ऑर्डरींची मेल उघडली. ऑर्डरींची रांग! सुरत, बारडोली, व्यारा. आणि प्रत्येकीपुढे कॉम्प्युटर तारीख दाखवी, उद्याची.

"आबा," माझा आवाज चिरकला, "उद्याना ऑर्डरी येल शेतस!"

आबा परत आले. वाकून पाहिलं. चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान.

"उद्याना ऑर्डर आजच? आखाजीना मुहूर्त शे भो. चेष्टा शे का?"

आखाजी म्हटल्याबरोबर माझी नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. घड्याळ अगदी मिनिटाला मिनिट बरोबर. आणि त्याखाली तारीख, कालची.

प्रमाणपत्रावर ते केव्हापासून चालू होतं ते लिहिलेलं असतं. आमचं चालू झालं होतं आज सकाळी. माझा कॉम्प्युटर अजून कालच्या दिवसात बसलेला. त्याच्या दृष्टीने तो जन्माला न आलेल्या पोराचा दाखला होता, आणि असा दाखला दाखवणारा माणूस चोर नाही तर कोण? लाल खुणेखालची ती बारीक ओळ आता मी वाचली. तारीख चुकली आहे, असंच तीत सकाळपासून लिहिलं होतं. सगळ्या जगाला साइट दिसत होती. फक्त आमच्या ओसरीवर दिसत नव्हती. आणि ओसरीवर दिसत नाही म्हणून मी ती सगळ्या जगातून बंद करून टाकली होती.

तारीख बरोबर केली. पण प्रमाणपत्र कुठून आणायचं? बरंच शोधल्यावर कळलं, की नेमक्या त्याच नावाने पुन्हा मागितलं तर नकार मिळतो, पण सोबत आणखी एक नाव जोडून अर्ज केला तर तो नवा धरतात. प्रसादाच्या रांगेत पोरं टोपी घालून दुसऱ्यांदा उभी राहतात, तसं मी साइटच्या नावासोबत आणखी एक नाव जोडून पुन्हा उभा राहिलो. मिळालं! बसवलं, आणि यावेळी काहीही पुसलं नाही. सर्व्हर उठला. रफिकभाईंच्या फोनवर कुलूप, आमच्या कॉम्प्युटरवर कुलूप.

"चोर सापडी गया का?" आबांनी विचारलं.

"सापडी गया," रफिकभाईंनीच उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघत चहाचा शेवटचा घोट घेतला.

दिवेलागणीनंतर वहिनी आणि भाऊ परतले. खोकी रिकामी. साइट बंद पडल्यावर वहिनींनी पाकिटं फोडली होती, शेजारच्या स्टॉलवरून भाकरी घेऊन प्रत्येकाच्या हातावर तेलात कालवलेली चटणी ठेवली होती. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पाकिटं उचलली. साइट उघडल्यावर घरी पोचलेल्यांनी पुन्हा मागवली. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ओसरीवरच्या एका गोणीवर बसले आणि म्हणाले, "गोन्या आठेच बऱ्या शेतस. टेकाले काम येतस."

वहिनींना रडू आलं. भाऊ मात्र मूळ मुद्द्यावर आला.

"दुपारले काय व्हयनं व्हतं?"

"जरा दुरुस्ती चालू व्हती," मी म्हणालो.

"काय बिघडेल व्हतं?" वहिनींनी डोळे पुसत विचारलं.

"दुरुस्तीना पहिले? काहीच नही."

वहिनींनी एक रिकामं खोकं माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, पुढला महिनामा नवापूरले प्रदर्शन शे. तुम्ही मन्हासंगे चला."

"मी? मंग साइट कोन सांभाळी?"

"कोनीच नही."

तेव्हापासून मी वहिनींच्या प्रत्येक प्रदर्शनाला जातो. खोकी उचलतो, भाकरीचे तुकडे करतो, मिरची किती तिखट आहे ते गिऱ्हाइकांना कळावं म्हणून दर थोड्या वेळाने शिंकतो. साइट त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही.