डबा ठेवून जा

मंगळवारी अकराच्या सुमाराला दूध आणायला निघालो, तर रशीदभाईंच्या गिरणीचं शटर खाली. भर उन्हात गिरणी बंद! शुक्रवारची नमाज सोडली, तर लख्ख ऊन असताना या माणसाने चक्की थांबवलेली अलीकडे आमच्या मोशीच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. तेवढ्यात त्यांचा मुलगा सलीम बाहेर आला. "काका, अब्बा गेले... पहाटे झोपेतच." मी पिशवी हातात धरून तिथेच पायरीवर बसलो. त्याला आता दीड महिना होईल.

बीडहून चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा माझी खोली गिरणीच्या मागेच होती, तेव्हापासूनची ही दोस्ती. गिरणीला तेव्हा संध्याकाळी नुसती झुंबड असायची. शिफ्ट सुटली की माणसं डबे घेऊन यायची आणि आपलंच पीठ आपल्या डब्यात पडतंय ना, हे उभं राहून बघायची. रशीदभाईंवर कुणाचा संशय होता असं नाही, पण बघायचं म्हणजे बघायचं. माझी बायको सुमन तर या बाबतीत अव्वल.

पुढे अनुदान मिळालं, वर थोडं कर्ज काढून रशीदभाईंनी पत्र्यावर सोलर बसवलं. दिवसा तयार झालेली वीज लाइनवर जायची, संध्याकाळी वापरलेली त्यातून वजा व्हायची. बिल नावापुरतं उरलं आणि स्वारी खूश! मग नियम बदलायचं घाटू लागलं. दिवसाची वीज दिवसाच्याच वापरातून वजा होणार, संध्याकाळची वेगळी आणि महाग. वीज नियामक आयोगाने जनसुनावणी ठेवली, तेव्हा ईदचा सदरा घालून हे निघाले, सोबतीला मी. नाव पुकारल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ऊन येतं दुपारी आन् गिऱ्हाईक येतं सांजच्याला. त्यांची गाठ आमी कशी घालायची?" सभागृह हसलं, साहेबही हसले, त्यांनी लिहूनही घेतलं. नियम काही टळला नाही. तो लागू झाला तेव्हा मी गल्लीत उभा राहून यच्चयावत सगळ्यांना शिव्या घातल्या. रशीदभाईंनी मला पोटभर बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "राव, कायदा न्हाई वळला. आता गिऱ्हाईक वळवू."

दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला एकच सांगणं, सकाळी कामावर जाताना डबा ठेवून जा, सांजच्याला पीठ घेऊन जा. लोक वळले नसते तर सोलरचा हप्ता आणि महागडी वीज यांत गिरणी बुडाली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. नव्या सोसायट्यांतली नोकरी करणारी जोडपी आधी वळली, मग हळूहळू गल्ली. सुमन मात्र हटून बसली. ती संध्याकाळीच जायची आणि तिच्या एका डब्यासाठी हा भला माणूस महागड्या विजेवर चक्की सुरू करायचा. मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी तिचा गुडघा धरला, तेव्हा तिचा डबा मी सकाळी ठेवून आलो. संध्याकाळी रशीदभाई स्वतः दारात, हातात दोन डबे.

"वहिनी, आधीची बाजरी चक्कीत राहिली व्हती, ती तुमच्या गव्हात गेली. चूक माझी हाय. हे आमच्या घरच्या गव्हाचं पीठ घ्या."

"मला कळलंही नसतं, भाऊजी."

"मला कळलं व्हतं ना."

त्यानंतर आमच्या घरात तो विषय संपला.

आणि गंमत बघा, ज्या नियमापायी इतका जीव टांगणीला लागला होता, त्यानेच या माणसाला संध्याकाळ मिळवून दिली. उभ्या जन्मात दिवेलागणीला ते कधी मोकळे नसत. आता ऊन कललं की चक्की बंद. भुवयांवरचं पीठ झटकत पायरीवर येऊन बसायचे, आतून चहा यायचा, मग माझ्या बीडच्या बोलीची टिंगल सुरू. "लई ब्येस चाललंय राव," असं रोज म्हणायचे. खरंच बेस चाललं होतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी त्या पायरीवर गेल्या, आणि रशीदभाई, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं...

दुखवटा संपल्यावर सलीमने गिरणी उघडली. गल्लीत कुजबुज होती की पोराच्या हाती डबे द्यायचे का, की पुन्हा उभं राहून दळून घ्यायचं? त्या सकाळी सुमनने गुडघा चोळत चपला घातल्या, डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि पुढे निघाली. सलीम अदबीने म्हणाला, "काकी, थांबा पाच मिनिटं. आत्ता दळतो, बघून घ्या."

सुमनने डबा फळीवर ठेवला. "बघायचं काय त्यात?" म्हणाली, आणि घराकडे वळली. मी दोनदा मागे पाहिलं. तिने एकदाही नाही.