मुक्ताचा समुद्र आणि मंडळाची हजेरी

माझ्या मुलीला समुद्रावर जाऊ न देण्याचं काम आमच्या महाराष्ट्र मंडळाने एकमुखाने आणि अतिशय प्रेमाने जवळजवळ तडीस नेलं होतं. मंडळाची सेक्रेटरी मी. म्हणजे प्रेम मंडळाचं, कर्तबगारी माझी!

आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहतो. आमचे हे तिथेच इंजिनिअर. मुक्ता आमची एकुलती एक, तेव्हा बी.एस्सी.ला होती. या पोरीने समुद्र पाहिलेला तो फक्त कॅलेंडरवर. (आमच्याकडे मोठा तलाव आहे, पण त्याला समुद्र म्हटलं की ती डोळे फिरवते.) तरी वेड समुद्राचंच! त्या मे महिन्यात तिला समुद्र आणि हवामान शिकवणाऱ्या उन्हाळी वर्गात प्रवेश मिळाला. सगळं ऑनलाइन. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक प्रयोग करून दाखवायचा आणि त्यातून निवडलेल्या मुलांना खऱ्याखुऱ्या संशोधन जहाजावर नेणार. पोरगी आठवडाभर धड जेवली नाही.

"आई, कुणाला सांगू नकोस हं. प्लीज!"

"मी कशाला सांगतेय?" असं म्हणून मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

तिचा लॅपटॉप रुसला की ती माझ्या फोनवरून वर्गाला बसायची, त्यामुळे लिंक माझ्याकडे होतीच. मी लिहिलं, 'चि. मुक्ता उद्या दुपारी तीन वाजता समुद्रविज्ञानाचा प्रयोग सादर करणार आहे. सर्वांनी अगत्याने हजर राहावे. अल्पोपहार ज्याचा त्याने आपापल्या घरी करावा.'

आता आमच्या टाउनशिपमध्ये बोलावलं की माणसं येतात. बारसं असो नाहीतर रिटायरमेंट, हजेरी लावायची म्हणजे लावायची! नाही लावली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आणि इथे तर साडीही बदलायची नव्हती. तीन वाजायच्या आतच निम्मं मंडळ वर्गात, माझ्या फोनच्या डेटावरून मीसुद्धा! देशभरातली हुशार मुलं एकेका चौकोनात बसलेली आणि त्यांच्या मधोमध बनियनमधले कुलकर्णी. कुणाच्या फोनमधून नुसता छताचा पंखा दिसत होता. तेवढ्यात शेजारचे तिवारी खिडकीतून ओरडले, "भाभीजी, हमने तो मंडीदीप में अपने पूरे ऑफिस को लिंक भेज दी! बिटिया का मामला है!"

मला अगदी भरून आलं. त्या भरात मी पन्हं करायला घेतलं. कूलर आधीच चालू होता, वर मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला! (घरात इंजिनिअर असल्यामुळे तो बसवायला बराच वेळ लागला.) वीज आली आणि आतून किंकाळी ऐकू आली.

"आई! मला आत घेत नाहीये! वर्ग भरलाय म्हणतंय!"

"भरलाय? कुणी भरला?"

"तुझ्या मंडळाने!" मुक्ता ओरडली. वायफाय गेल्यावर ती बाहेर फेकली गेली होती आणि तिची जागा तिवारींच्या मंडीदीपच्या ऑफिसातल्या कुणीतरी पटकावली होती.

"मुक्ते, घाबरू नकोस, आत्ता सगळ्यांना हाकलते!" मी फोन कमरेला खोचला आणि धावत सुटले. आधी शेजारच्या करमरकर काकूंकडे.

"काकू, बाहेर पडा!"

"अगं, आत्ताच तर बसले. मुक्ताचं झालं की जाते."

"तुम्ही गेल्याशिवाय मुक्ताचं होणारच नाही!"

"अस्सं? माझ्यामुळे अडलंय होय तिचं?" काकू फुगल्या, पण हलल्या नाहीत.

कुलकर्णी म्हणाले, "वहिनी, निघालो असतो हो. पण मी आत कसा आलो तेच मला माहीत नाही!"

तिवारी तर चिडलेच. "बिना बिटिया को सुने निकल जाएँ? कैसी बात करती हैं!"

"अहो, निघा म्हणते ना!" मी रस्त्यातच ओरडायला लागले. "पोरीचं वाटोळं करताय सगळे! ती म्हातारी तर हटता हटत नाही! आणि कुलकर्णी, अंगात शर्ट घाला!"

घामाघूम होऊन परत काकूंकडे आले, तर त्यांच्या फोनमधून वर्गाच्या सरांचा आवाज. "मुक्ता हैं क्या? नहीं हैं तो आगे बढ़ते हैं।"

"हैं, हैं! आ रही है!" असा सगळ्या मंडळाचा एकच गलका झाला. गेलं जहाज!

तेवढ्यात मुक्ता अनवाणीच माझ्या बाजूने आत घुसली. "काकू, द्या तो फोन!" सामान घरी राहिलेलं, आणायला वेळ नाही. तिने काकूंच्या स्वयंपाकघरावर एक नजर फिरवली आणि लोणच्यासाठी धुऊन ठेवलेली काचेची बरणी उचलली. नळाखाली धरून भरली. (मे महिन्यात आमच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, थेट चहाची पूड टाकावी इतकं गरम.) मग फ्रिजमधून कोकम आगळाची बाटली काढली आणि ते लालभडक, खारट, गारेगार आगळ बरणीच्या कडेने हळूच सोडलं.

ते सरळ तळाशी गेलं आणि तिथेच पसरत राहिलं. वरचं पाणी तसंच्या तसं! मुक्ता इंग्रजीत सांगत होती, तरी मला सगळं कळत होतं. ध्रुवांकडचं पाणी असंच थंड आणि खारट होतं, जड होतं, बुडतं, आणि समुद्राच्या तळातून पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातं. समुद्र न पाहिलेली माझी पोर! मी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होते.

"यह लाल क्या है?" सरांनी विचारलं.

"आगळ! आमच्या रत्नागिरीचं आहे हो, सर!" इति करमरकर काकू.

सर मनापासून हसले. "बहुत बढ़िया! लेकिन बेटा, यहाँ नाम तो 'करमरकर काकू' दिख रहा है। नतीजा अभी सुनाना है। अपने नाम से जुड़ जाओ।"

"सर, जगह ही नहीं है," मुक्ता रडवेली झाली.

"हो जाएगी," सर शांतपणे म्हणाले. "वो 'सेक्रेटरी, महाराष्ट्र मंडळ' नाम की मैडम, जो इतनी देर से घर-घर जाकर सबको बाहर निकाल रही हैं, वे खुद बाहर हो जाएँ, बस।"

माझा हात कमरेकडे गेला. फोन चालू. माइक चालू. माझं सगळं भाषण वर्गाने पहिल्यापासून ऐकलेलं! काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हातारी म्हणजे मीच ना गं?"

मी घाबरून फोनच बंद करून टाकला. मुक्ता घरी पळाली आणि आपल्या नावाने आत शिरली.

जहाजावर जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं! ते कुलकर्ण्यांना कळलं, काकूंना कळलं, तिवारींना कळलं, मंडीदीपच्या अख्ख्या ऑफिसला कळलं. मुक्ताच्या आईला तेवढं सगळ्यात शेवटी कळलं. कारण फोन पुन्हा सुरू करून मी आत जायला गेले, तर वर्ग भरला होता!