रामाशी अबोला

पंचवटीत राहून रामाशी अबोला धरणारी बाई अख्ख्या नाशकात एकच होती आणि ती माझी घरमालकीण होती. मी त्यांना काकू म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला नाशकातल्याच अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्यांच्या माडीवरची खोली बघायला मी गेलो. घरमालक लग्न झालंय का, जेवणाचं काय, मित्र फार येतात का, असलं विचारतात. काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "रामानं गरोदर बायकोला रानात सोडली, ते बरोबर की चूक?" मी गांगरून म्हणालो, "काकू, मला पहाटेची पाळी असते. यावर विचार करायला वेळ झाला नाही." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि किल्ली दिली. आधी येऊन गेलेल्या एका बँकवाल्यानं म्हणे "राजधर्म" असं उत्तर दिलं होतं, त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

काकू नास्तिक नव्हत्या, उलट देवांवर त्यांचा फार विश्वास होता. देव आहेत आणि ते ऐकतात, याबद्दल खात्री असल्याशिवाय कोणी त्यांच्याशी इतकं भांडत नाही. यजमान तरुणपणीच गेलेले, पदरात एक मुलगी, शाळेत शिपायाची नोकरी करून तिला वाढवलेली. पण रोज सकाळी काळारामाच्या दर्शनाला गेल्याशिवाय त्यांच्या तोंडात चहा पडत नसे. एकदा मीही बरोबर गेलो. सीतेसमोर त्या चांगल्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या, हळू आवाजात काहीबाही बोलल्या, माहेरी आलेल्या मुलीची विचारपूस करावी तशा. लक्ष्मणाकडे बघून नुसती मान हलवली. शूर्पणखेचं नाक कापल्याचं प्रकरण त्यांच्या लेखी अजून मिटलेलं नव्हतं. "नको म्हणायचं होतं तर नको म्हणावं. नाक कशाला कापायचं?" रामाला मात्र त्यांनी हात जोडले, डोकं टेकवलं आणि एक अक्षर न बोलता बाहेर आल्या. मान द्यायचा, बोलायचं नाही, असा तो चोख व्यवहार होता.

रामनवमीला मात्र याच काकू दुपारी बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी ओढत डोळे पुसायच्या आणि गल्लीभर सुंठवडा वाटायच्या. मी एकदा चिडवलंच. "काकू, आज तुमचा अबोला सुटला वाटतं?" तर म्हणाल्या, "बाळाशी माझं काय भांडण? लग्नानंतरचं बघू." शंकरावर त्यांची मर्जी होती. गणपतीचं डोकं उडवलं ही त्याची घोडचूक, पण बायको रडल्यावर त्यानं ती लगेच दुरुस्त केली, हे त्या आवर्जून सांगत. कपालेश्वराच्या देवळात नंदी नाही. नंदीनं शंकराला पापमुक्तीचा उपाय सांगितला, म्हणून तिथं तो शंकराचा गुरू झाला. "ज्याच्याकडून शिकला त्याला समोर बसवून घेत नाही. एवढी रीत कळते त्याला," असं त्या शंकराच्या वतीनं अभिमानानं सांगायच्या.

तुळशीचं लग्न म्हणजे तर कोर्टकचेरीच असायची. विष्णूनं वृंदेला नवऱ्याचा वेष घेऊन फसवलं आणि तीच पुढे तुळस झाली, ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या गल्लीत उरला नव्हता. त्यामुळे काकू ठाम मुलीकडच्या. उसाच्या मांडवात बाळकृष्णाला ताम्हनात बसवून त्या भटजींनाच वरपक्ष धरायच्या आणि म्हणायच्या, "वेष पालटून आलेला नाही, असं आधी कबूल करा. मग अंतरपाट." भटजी बिचारे घायकुतीला येत. "काकू, अजून अर्धी गल्ली बाकी आहे हो!" शेवटी ते विष्णूच्या वतीनं कबुली देऊन मोकळे व्हायचे आणि मगच तुळशीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या.

अशा बाईचा जावई होणं सोपं नव्हतं. काकूंच्या मुलीला, ताईंना, सटाण्याकडे दिलं होतं. जावयाची पिठाची गिरणी, माणूस गरीब स्वभावाचा, बोलायला लाजणारा. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या आणि मुलगी झाली. काकूंनी आनंदाच्या भरात गिरणीशेजारच्या दुकानात फोन लावला, दुकानदारानं दळणाला आलेल्या बायकांना बातमी सांगितली आणि ताईंच्या सासऱ्यांना नात झाल्याचं सगळ्यांत शेवटी, पारावर, भलत्याच कोणाकडून कळलं. ते रुसले. बारशाला कोणी जायचं नाही, असा त्यांनी हुकूम काढला आणि जावईही आला नाही. बारशाच्या दिवशी ताई पाळण्यापाशी बसून सारखं दाराकडे बघत होत्या. काकूंनी ते पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "कोणाच्या तरी शब्दासाठी बायकोला टाकणारा एक राम पुरे झाला. दुसऱ्या रामाच्या घरी माझी लेक जाणार नाही."

ताईंना जायचं होतं. ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, काकूंना दिसून चालत नव्हतं. सासरहून दोनदा निरोप आला, तो काकूंनी दारातूनच परतवला. आता ताईंचा संसार राहतो की मोडतो, एवढाच प्रश्न उरला होता.

बाळ मान धरायला लागलं तेव्हा एका दुपारी जावई स्वतः आला. डाळिंबांची पिशवी घेऊन ओट्यावर बसला. सासू कितीही रागावली तरी जावयाला चहाशिवाय ठेवत नाही. काकूंनी चहा माझ्या हाती पाठवला आणि आपण दाराआड उभ्या राहिल्या. मग माझ्यामार्फत बोलणं सुरू झालं. दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत होतं, तरी मी मध्ये हवाच होतो.

"त्यांना विचार, वडिलांना विचारून आलेत का?"

मी वळायच्या आत तोच म्हणाला, "नाय. त्यांना सांगून आलो. विचारलं नाय."

मग काकूंनी आपलं ठेवणीतलं काढलं. "रामानंही असंच..."

"आई," तो पहिल्यांदाच मला वगळून बोलला. "मी लय चुकलो. पण रामाचं मला नका सांगू. सीतामाईला न्यायला तो रानात गेला नाय. मी आलोय ना."

काकू वळल्या तर मागे ताई उभ्या होत्या. बाळाच्या दुपट्यांचं बांधलेलं गाठोडं त्यांच्या काखेत होतं. त्यांनी ते लपवलं नाही आणि काही मागितलंही नाही. काकू गाठोड्याकडे बघत राहिल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "जेवल्याशिवाय निघायचं नाही. आणि ते बाहेर का बसलेत? आत बोलव."

संध्याकाळी सीबीएस बसस्थानकावर आम्ही तिघांना सटाण्याच्या गाडीत बसवलं. बाळाचा पाय खिडकीतून काकूंनी कितीतरी वेळ धरून ठेवला होता, कंडक्टरनं दोरी ओढली तेव्हा सोडला. परत आम्ही चालतच निघालो. वाटेत काकू म्हणाल्या, "जमीन दुभंगली आणि तिनं सीतेला पोटात घेतलं ना, तेव्हा आई असावी तर अशी, असं मी म्हणत आले. लेक परत मिळाली रे तिला. मलाही तेच करायचं होतं." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "पण माझी लेक काही पोटात घे म्हणाली नव्हती."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि त्यांच्यासाठी जीव तुटला. रविवार कारंजाच्या चौकात काकू एका भाजीवालीसमोर थांबल्या. एकटीपुरती मेथी किती घ्यायची, ते त्यांना बराच वेळ ठरवता येईना.